गयाचा नंबर चौथा होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. भावाला न्हाई, लेकीला न्हाई. देवापुढं हात जोडले तेव्हाही मनात दुसरंच काहीतरी बोललो. तुमी माझ्या वळखीचे न्हाईत, म्हणून तुमच्यापुढं जीभ उचलतीय — का हेही मी स्वतःला फसवतोय? बघू.

माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढं मेंढरांमागं गेलो तो गेलोच. इंग्रजीतला एकच शब्द मला नीट येतो — नंबर. पण तो दिवसातून पन्नासदा तोंडात येतो. जमिनीचा गट नंबर. मोबाईलचा नंबर. चौसाळ्याला हॉटेलातली भजी चांगली लागली की एक नंबर, आणि वाळू चोरून नेणाऱ्यांचा धंदा दोन नंबरचा. नातीचा बीडला नर्सिंगला नंबर लागला तेव्हा आमी गावभर पेढे वाटले. चष्म्याला नंबर असतो. पारावर आमी म्हातारे बसलेलो असतो आणि एखादी तिरडी समोरून जाते, तेव्हा कुणीतरी कोपर मारतंच — "आता कुनाचा नंबर, बे?" एका शब्दाला एवढी कामं! असा राबणारा गडी आपल्या वाड्यावस्तीत तरी मी पाह्यला न्हाई.

पण एक नंबर असा हाय, ज्याच्याबद्दल मी तोंड उघडलं न्हाई. सांगतो. जरा दम धरा.

गया म्हणजे माझी कारभारीण. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डाव्यात जास्त. मेंढरू कुठलं नि कोकरू कुठलं, ते हात फिरवून वळखायची. तेवढ्यात कळलं, चौसाळ्याला डोळ्यांचं फुकट शिबिर हाय. शहरातले डॉक्टर येणार, ज्याचा डोळा पिकलाय त्याला गाडीत घालून ऑपरेशनला नेणार. गाडी भरली की खलास. बाकीच्यांनी पुढच्या खेपेला यायचं.

त्या दिवशी ती कोंबड्याच्या आधी उठली. मी म्हणलं, चल. ती म्हणली, "अवं, दोन भाकरी टाकते. तुमी दिवसभर उपाशी ऱ्हाल." मी चिडलो, पण थांबलो. तरी पहिल्या जीपनं आमी पोचलो.

आमच्याकडं रांगेत माणूस उभं राहत न्हाई, चप्पल उभी राहते. चप्पल ठेवायची, सावलीला बसायचं. तुमची चप्पल म्हणजे तुमचा नंबर, तिला कुणी हात लावत न्हाई. चोरसुद्धा लावत न्हाई. मी गयाची चप्पल ठेवली — चौथी. मोजली मी. पुढं तीनच जोड होते. गयाला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. ती लिंबाखाली बायकांत जाऊन बसली.

मग आमचे पुढारी आले. नाव लिहीत न्हाई, त्यात त्यांचा दोष न्हाई. पांढरे कपडे, मागं पाच-सहा माणसं, संगं त्यांची म्हातारी आत्या. एवढ्या गर्दीत त्यांनी मला हाक मारली.

"काय तात्या, तुमी हितं?"

माझं नाव त्यांना ठाऊक हाय! सगळ्या रांगेनं माना वळवल्या. छाती कशी फुगली, काय सांगू.

"आत्याला लई वेळ बसवत न्हाई. तुमचा नंबर हिला देता का? तुमच्यासारखा माणूस न्हाई म्हननार न्हाई."

कावून न्हाई म्हणलो न्हाई? "माझ्या बायकोचा हाय" — एवढेच तीन शब्द. ते निघाले न्हाईत. मी वाकलो, गयाची चप्पल उचलली, आणि आत्याबाईची तिथं ठेवली. मधे कोण घुसू देतो? गयाची चप्पल मी पार शेपटाला नेऊन ठेवली. पुढारी माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

रांगेतला एक जण म्हणला, "तात्या, खांदा धुऊ नका बरं का आता म्हैनाभर."

"गप बे," मी म्हणलो. लोक हसले. मीही हसलो.

दुपारी गाडी भरली. आमच्यापुढं अजून अकरा जोड होते.

आता जे खरं सांगायचंय ते हे. नंबर दिला, ते एक झालं. माणूस फुगतो, चुकतो. पण लिंबाखाली गेलो तेव्हा गयानं विचारलं, "काय झालं वं?" आणि मी म्हणलो — "काय होनार? भाकरी थापीत बसलीस. आपला नंबर गेला मागं."

ती म्हणली, "माझंच चुकलं." फडकं सोडलं, चाचपून भाकरी काढली, वर मिरचीचा ठेचा ठेवला, माझ्यापुढं धरली.

मी खाल्ली. सगळी खाल्ली.

पुढची खेप येण्याआधीच तिचा डावा डोळा लाल झाला, ठणकायला लागला, रात्रंदिवस ओकाऱ्या. बीडला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणल्या, डोळ्यात दाब वाढला, आता उशीर झाला. उजवा वाचवला. डावा गेला.

एक मेंढरू चुकलं तर मी अख्खा डोंगर पालथा घालतो. आणि हे?

गया ती गोष्ट अजून सांगते. हसत सांगते. सुना कुठं जायला निघाल्या की म्हणते, "भाकरी ऱ्हाऊ द्या गं, आधी नंबर लावा. मी भाकरीपायी डोळा घालवला." दर वेळी मी तिथंच बसलेला असतो. तंबाखू मळतो. लोक म्हणतात, तात्या ताठ माणूस, कुणापुढं वाकला न्हाई. चपलेला वाकलो, ते आमच्या वस्तीत कुणाला ठाऊक हाय?

दुसऱ्याची चूक स्वतःची समजून ती इतकी वर्षं हसत वागवतीय. मला भाकरी अजून तीच आधी वाढते. एका डोळ्यानं बघत, पापुद्रा फुगलेली निवडून.

हा कागद लिहायला मला नऊ दिवस लागले. तुमच्या हातात तो पडला, याचा अर्थ आधी मी तो तिला वाचून दाखवलाय — ती चुलीपुढं बसलेली असताना, सुनांच्या देखत, मोठ्यानं. तसं ठरवूनच वर तिचं नाव घातलंय. ऐकून ती काय म्हणली, ते मी लिहिणार न्हाई. ते तिचं हाय.