हळद प्यालेली मोटार

लग्न ठरताना सासऱ्यांनी मला एकच गोष्ट विचारली होती, शाळेत काय शिकवता? मी वाशीमच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो. तेवढं सांगून थांबायला हवं होतं. पण आतल्या खोलीत मुलगी ऐकत असेल, या कल्पनेनं मी पुढे जोडलं, "इंजिनांचा माझा विशेष अभ्यास आहे." हा अभ्यास म्हणजे ग्रंथालयातून आणलेलं एक इंग्रजी पुस्तक, तेही चित्रं पाहून परत केलेलं.

पुढच्याच वर्षी वैशाखात अधिक महिना आला आणि धोंड्याच्या जेवणाला आम्हा दोघांना कामरगावचं बोलावणं आलं. बसमधून उतरलो तर सासरे स्वतः घ्यायला आलेले, पण पायी.

"गाडी हाये घरी," ते म्हणाले, "पन कारंजाले पोचेपर्यंत दोन बादल्या पानी पेते. तुमी येनार म्हनून मिस्त्रीले बोलावलंच नाही, जवाईबापू."

मी मान डोलावली. कोणत्याही डॉक्टरला शोभावी अशी.

ती गाडी त्यांनी अकोल्याच्या एका निवृत्त साहेबाकडून घेतली होती. उंच, काळी, चौकोनी नाकाची, वयानं माझ्याहून चार-पाच वर्षांनीच लहान. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीखाली पोतं अंथरून मी आडवा झालो. सदरा मुद्दाम पांढरा घातला होता, कारण डाग पडलेले दिसायला हवेत. नळ्या चाचपल्या, रेडिएटर चाचपला, खालची तोटी पिळून पाहिली. सगळं कोरडं ठणठणीत. जमिनीवरही ओल नाही. तासाभरानं बाहेर आलो, तेव्हा ओसरीवर सात-आठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. एवढ्या माणसांना 'कळलं नाही' असं सांगणं मला शक्य नव्हतं.

"बाहेर गळत नाही, याचा अर्थ आत गळतंय," मी म्हणालो. "इंजिनाच्या झाकणाखालचं गॅस्केट गेलंय."

गॅस्केट हा शब्द ऐकून मंडळी गंभीर झाली. मग सासऱ्यांनी विचारलं, "मंग आता उघडा लागंन?" इंजिनाचं झाकण उघडण्याची मला भीती नव्हती, ते परत बसवण्याची होती. मला एका बसवाल्यानं सांगितलेला उपाय आठवला: रेडिएटरमध्ये हळद टाकायची, ती फटीत जाऊन बसते. सासूबाईंनी वर्षाची हळद नुकतीच कुटून ठेवली होती. त्यातली चांगली शेरभर मी मागून घेतली. चमचाभर पुरली असती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

सासरे चाकावर बसले, मी शेजारी, मागे गावातले दोन प्रतिष्ठित. कारंजाच्या रस्त्यानं अर्ध्या वाटेवरही गेलो नसू, गाडीच्या नाकातून वाफा निघायला लागल्या. गाडी थांबली. "हवा कोंडलीय," असं म्हणून मी ओलं फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवलं. सासरे कौतुकानं जवळ येऊन उभे होते.

पुढचं फार लवकर झालं. पिवळ्या पाण्याचा फवारा डोक्यापेक्षा उंच उडाला. माझ्या मनगटावर फोड आले. सासरे मागे सरले म्हणून भाजले नाहीत, पण त्यांचा पटका, सदरा, धोतर, मिशा, सगळं पिवळं झालं. गाडीला बैल जुंपून आम्ही भर बाजारातून परत आलो. एका पानवाल्यानं मोठ्यानं विचारलं, "काहो, दुसऱ्यांदा लगन लावलं काय?" सासरे बैलांचा कासरा धरून पुढे चालत राहिले. ते काहीतरी बोलते तर बरं झालं असतं.

दुपारी मी गोठ्याजवळ गाडीपाशी एकटाच बसलो होतो, तेव्हा बायकोची आत्या आली. ती फार लहानपणी विधवा होऊन भावाकडे परत आली होती. मळ्यातल्या विहिरीवरचं तेलाचं इंजिन आणि पंप तीच सांभाळायची. इंजिन बसवायला आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरून तिनं सगळं शिकून घेतलं होतं. घरातल्या बाकीच्या बायका माझ्याशी दाराआडून बोलत, ही कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"गयती पाह्यली तवा गाडी चालू होती का बंद?"

"बंद."

"काहून?"

पाणी गाडी चालताना जात होतं आणि मी ती बंद करून बघत होतो. तरीही मी तिला वाफ, दाब आणि गॅस्केट यांवर पाचेक मिनिटं ऐकवलं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि चुलीतली चाळलेली राख घेऊन आली.

आधी आम्ही आठ-दहा बादल्या पाणी ओतून हळद धुऊन काढली. मग तिनं इंजिन कोरडं पुसून नळ्यांवर, सांध्यांवर सगळीकडे राख भुरभुरली. "आता करा चालू. अन् हात दूर ठेवा, पंखा हाये थो."

इंजिन थोडा वेळ चाललं. बंद केल्यावर आम्ही दोघं वाकलो. सगळीकडे राख पांढरी होती, फक्त पंख्याच्या मागे, पाण्याच्या पंपाचा दांडा बाहेर येतो तिथे ती काळी, चिकट झाली होती. तिथून सारखे थेंब निघायचे, पंखा ते उडवायचा आणि तापलेल्या इंजिनावर ते वाळून जायचे. जमिनीपर्यंत काही पोचतच नव्हतं.

"पॅकिंग गेलं," आत्या म्हणाली. "आमच्या विहिरीवरच्याचं दर साली जाते."

दांड्याभोवती सूत भरलेलं असतं आणि वरून एक नट ते दाबून धरतो. जुनं सूत जळून कोळसा झालं होतं. तिनं नवं सूत पीळ देऊन चरबीत भिजवलं आणि माझ्याकडून ते दांड्याभोवती गुंडाळून घेतलं. नट आवळायचं काम मी हौसेनं मागून घेतलं आणि अंगात होतं तेवढं बळ लावलं. इंजिन सुरू केलं तर पंख्याचा पट्टा किंचाळायला लागला आणि धूर निघाला.

"थांबवा, थांबवा! अर्धा आटा ढिला करा," ती ओरडली. "एखांदा थेंब येऊ द्या थ्याच्यातून. अजिबात कोरडं केलं तं दांडा जयते."

अर्धा आटा ढिला केला. संध्याकाळी सासरे कारंजाला जाऊन आले, पाणी जेमतेम तांब्याभर कमी झालेलं.

दुसऱ्या दिवशी धोंड्याच्या पंगतीत सासऱ्यांनी सगळ्यांना सांगितलं, "जवाईबापूनं दुरुस्त केली." मी अनारसा खात होतो. खात राहिलो. तोंड भरलेलं होतं म्हणून बोललो नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आत्या आतल्या दारात होती, तिला ऐकू गेलं असणारच.

तेवढ्यात शेजारच्या गावचे एक बागायतदार म्हणाले, "मंग आमच्याबी इंजनाचं पाहून द्या ना. बंदच पडून हाये. आजच चाला." दुसऱ्याच्या अंगणात पुन्हा पोतं अंथरून झोपलेला मी मला स्पष्ट दिसलो.

"मला येत नाही," मी म्हणालो. "गाडीसुद्धा आत्याबाईंनी दुरुस्त केली. मी फक्त हळद टाकली."

सासऱ्यांनी पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "मंग तिले घेऊन जा. गाडी तरी चालवता येते ना?"

"येते," मी म्हणालो. हेही निम्मंच खरं होतं.

आत्या त्या गाडीत तोवर कधी बसली नव्हती. मागे बसायला सांगितलं तर ऐकेना, इंजिनाचा आवाज पुढूनच ऐकू येतो म्हणाली. पदर खोचून, पान्ह्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली आणि दिसेल त्या बैलगाडीला भोंगा वाजवायला लावू लागली. मला दुसऱ्या गिअरच्या पुढे जाण्याचा धीर होत नव्हता. तिला ते कळलं असावं. "सावकाशच चालू द्या," ती म्हणाली, "मले पाहू द्या जरा."