लाखेच्या सीलमधली वंशावळ

ती घटना आठवली की आजही मी भरल्या ताटावरून उठतो. इंग्रजी अमदानी होती. वाशीमकडच्या एका ठाण्यावर मी नवा ठाणेदार होतो.

दर तीन-चार वर्षांनी एक म्हातारा भाट जऊळक्याला आगगाडीतून उतरायचा. गावोगाव फिरून लोकांच्या वंशावळी वाचायचा, नवी नावं वहीत चढवायचा. त्या खेपेला किन्हीराजाजवळच्या एका गावात तो जेवायला बसला आणि वही गायब. पिढ्यान्‌पिढ्यांची एकुलती एक वही! म्हातारा ठाण्यात येऊन कपाळ बडवू लागला.

मला वाटलं, भाऊबंदकी असणार. जमिनीवरून भांडणारे दोन चुलतभाऊ उचलून आणले, दोन दिवस दरडावलं. हाती भोपळा! तिसऱ्या दिवशी गावच्या मास्तरांनी खबर दिली. भाजीचा मळा करणारी एक विधवा शाळेत आली होती. कुठेतरी पाहिलेली मोडी अक्षरं धुळीत बोटाने वाकडीतिकडी काढून विचारत होती, "मास्तर, यात माह्या पोराचं नाव हाये का?"

झडतीत ज्वारीच्या कणगीतून लाल कापडी बासनात गुंडाळलेली वही निघाली. बाईने आढेवेढे घेतले नाहीत.

"कायले नेली?" मी खेकसलो.

"माहं एकुलतं पोरगं पटकीनं गेलं, साहेब. मागच्या खेपेलेच त्याचं नाव चढवलं होतं. आता भाट त्याच्याम्होरं 'वंश खुंटला' लिहिनार होता. माय आहो मी त्याची! कशी लिहू देऊ?" मग हात जोडून म्हणाली, "कैद करा मले. पन एकडाव वाचून दाखवा. आज्या-पनज्याच्या रांगेत त्याचं नाव मले आयकू द्या."

मोडी मला चांगली येत होती. दोन मिनिटांचं काम. पण अंगात कायद्याचा ताठा! "हा मुद्देमाल आहे, बाई. कोर्टात वाचतील," म्हणालो आणि पंचांसमोर लाखेचं सील ठोकलं.

तारखांवर तारखा पडल्या. मधेच भाट वारला, खटला निकाली निघाला, बाई सुटली. वही भाटाच्या मुलाला परत करायची होती. त्या दिवशी ती बाईही भाजीची टोपली घेऊन पायी ठाण्यात आली आणि दाराशी उभी राहिली. मुद्देमालाच्या खोलीतून बासन काढलं. सील शाबूत होतं. फोडलं तर आत माती आणि भुगा. सगळी वही वाळवीने खाल्ली होती.

भाटाचा मुलगा ओक्साबोक्शी रडला. ती रडली नाही. "म्हन्जे आता कोनाचाच वंश नाही उरला न, साहेब?" एवढं म्हणून टोपली उचलून निघून गेली.

पुढे मी खुनी पकडले, बक्षिसं घेतली. सगळं फुकट वाटतं. सील लावल्यावर ते फोडायला वरचा हुकूम लागतो, हे मला पाठ होतं. लावण्याआधी दोन मिनिटं थांबायला कोणाचाच हुकूम लागत नव्हता, हे फार उशिरा कळलं.

पेन्शनीत निघण्याआधी तो पंचनामा काढून पाहिला. वहीची लांबी, रुंदी, पानं, बासनाचा रंग, सगळं माझ्या हाताने नीट लिहिलेलं होतं. नाव एकही नव्हतं.