ओके दाबूनही न जाणारी चौकट

आमचं घर बौद्ध. अंगात येणं, करणी, भानामती... असलं काही आमच्या दारात कधी आलंच नाही. मीही मानत नव्हतो. म्हणून हे लिहायला इतके दिवस धजलो नाही.

मी आंधळगावचा (मोहाडी तालुका, जिल्हा भंडारा). वेबसाइट तपासणाऱ्या, आपोआप चालणाऱ्या टेस्ट लिहितो. चिखल्याच्या खाणीतलं मँगनीज नेणाऱ्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम माझ्याकडे होतं. ट्रक सोडण्याआधी स्क्रीनवर चौकट यायची – ‘ब्रेक तपासले?’ ओके केल्याशिवाय मागचं पान हलायचं नाही. टेस्टमध्ये माणूस बसलेला नसतो, म्हणून ओके आपोआप दाबणारी स्क्रिप्ट लिहिली. फक्त टेस्टपुरती... मालकाला तसं बजावलंही होतं.

त्याने ती खऱ्या कामावर लावली. ट्रक अडू नयेत म्हणून!

माझे भाऊजी त्याच्याकडे ड्रायव्हर. ब्रेकची तक्रार त्यांनी केली होती. तरी ट्रक सुटला, उतारावर उलटला, भाऊजी गेले. स्क्रिप्टचं मला नंतर ऑफिसातल्या बाईंनी हळूच सांगितलं. ताई रडली नाही. एवढंच म्हणाली, “त्याच्या तोंडून कबूल झालं पाह्यजे. मले दुसरं काही नको.”

विम्याचे साहेब चौकशीला आले तेव्हा मालकाने मला बोलावलं. भर दुपार होती. ताईही बाकावर बसलेली.

“दाखव साहेबायले,” मालक म्हणाला, “ड्रायव्हरच ओके करते. त्याचीच चूक हाय.”

ती चौकट दाखवायला मी टेस्ट चालवली. चौकट आली, पण तिच्यात लिहिलेलं होतं – ‘मालक, ओके कोनं दाबलं?’

स्क्रिप्टने ओके केलं. चौकट पुन्हा आली. मालकाने माउस हिसकावला... ओके, कॅन्सल, ओके...

“काय करून राह्यला बे तू?”

“मी हात नाही लावला, मालक.”

त्याने इंटरनेटची वायर उपटली. चौकट तशीच! आता तिच्यात उत्तर लिहायला रिकामी जागा होती. तशी चौकट त्या वेबसाइटमध्ये कुठेच नव्हती.

ताई उठून त्याच्यामागे उभी राहिली. “लिवा ना मालक. काहून थांबले?”

त्याने कीबोर्डवर बोटं आपटली. एक अक्षर उमटेना. शेवटी तो ओरडला, “मीच लावली होती स्क्रिप्ट! ड्रायव्हरले कोनी इचारलंच नाही!”

चौकट गेली. विम्याच्या साहेबांनी त्याला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

नंतर मी सगळा कोड चाळला. तो मजकूर कुठेही नाही. तो आला कुठून, मला आजही सांगता येत नाही.

एक मात्र सांगतो. अशा अडकलेल्या चौकटीसकट अख्खा ब्राउझर एका कमांडने बंद करता येतो. ती कमांड मला पाठ आहे. मालक घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होता... आणि मी हात मागे बांधून उभा होतो.