हात न लावता करायचं काम

निवृत्त माणसाचं डोकं आणि घरातला माळा, दोन्हीकडे वस्तू आपोआप साठत जातात. टाकून द्यायचं कुणालाच सुचत नाही. आमच्या कॉम्प्युटर टीमचे किस्से असेच साठलेत. आज काढतोच आहे खाली, तर जरा धूळ सांभाळा.

टीम म्हणजे आम्ही तिघे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला आमचा कॅप्टन भुईगावचा डॉमनिक, उमेळ्यात माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे सावंत आणि जन्मभर कारकुनी केलेला मी.

काळ डायल-अपचा. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाने जगभर आवाहन केलं होतं. आकाशातून टिपलेल्या रेडिओ लहरींचे ढीग पडलेत, त्यांत परग्रहावरून कुणी हाक मारतंय का हे तपासायला तुमचा घरचा कॉम्प्युटर रिकाम्या वेळी आम्हाला द्या, असं.

डॉमनिक मला समजावायला घरी आला. "आपण काहीच करायचं नाही रे. मशीन चालू ठेवायचं आणि हात लावायचा नाही. हात काढला की त्याचं काम सुरू."

चहा ठेवता ठेवता आमची बायको म्हणाली, "म्हणजे यांच्या ऑफिससारखंच. फक्त तिथे यांनी हात काढल्यावर काम सुरू झाल्याचं कधी ऐकलं नाही."

मी त्याच दिवशी सभासद झालो.

*

टीमला नाव हवं होतं. सावंतांना देवाचं हवं होतं, डॉमनिकला संताचं. मी निधर्मी असल्यामुळे माझं कुणी ऐकतच नव्हतं. वाद इतका वाढला की मध्ये वसईची राजेळी केळी आली, ती खाताना सगळे गप्प झाले आणि टीमचं नाव 'राजेळी' ठेवलं गेलं.

धर्म बाजूला ठेवून केळ्यावर एकमत होणं, ही खास वसईची रीत आहे.

*

सावंत आपल्या खात्यात सुपरिंटेंडेंट होते. काम देऊन निघून जायचं, हे त्यांना पटेना. ते कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकून बसत आणि काम नीट चाललंय ना, हे बघायला दर थोड्या वेळाने माउस हलवत. माउस हलला की काम थांबे. ते का थांबलं म्हणून ते पुन्हा हलवत.

महिना झाला तरी विद्यापीठाने तपासायला पाठवलेला लहरींचा एकही गठ्ठा त्यांच्याकडे पुरा होईना. साहेब समोर बसले की काम थांबतं, हे मला तीस वर्षांपूर्वीच माहीत होतं. मी बोललो नाही. सीनियॉरिटीचा मान राखावा लागतो.

*

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना कुठूनसं कळलं. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "सापडले तर ते इकडे येणार का?"

मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही.

"मग आधीच कळवून ठेवा," ते म्हणाले, "पाणी टँकरचं आहे."

*

खरी अडचण निघाली डॉमनिकच्या घरी. कॉम्प्युटर मेल्विनने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलाने, मस्कतहून पैसे पाठवून घेऊन दिलेला. पण तपासलेले गठ्ठे पाठवायला इंटरनेट लावलं की टेलिफोन अडायचा. मेल्विनला पत्र लिहायचा कंटाळा. पंधरवड्यातून एकदा फोन करायचा आणि नेमका एंगेज लागायचा.

फिलोमिना वहिनी आमच्याशी मराठी बोलतात, नवऱ्याशी घरच्या बोलीत. त्या दिवशी मात्र आम्हालाही कळावं म्हणून त्या मराठीतच भांडल्या. "वरच्या लोकांची हाक यायची म्हणून माझ्या पोराची बंद?"

डॉमनिकने आकाशाकडे बघितलं. तिकडून काही मदत आली नाही.

तोड मेल्विननेच काढली. तोही राजेळीत दाखल झाला. टीमच्या तक्त्यात प्रत्येकाच्या नावापुढे त्याने किती गठ्ठे संपवले तो आकडा दिसे. मेल्विनचा आकडा वाढला, म्हणजे मुलगा मस्कतच्या ऑफिसात धडधाकट बसलाय, एवढा अर्थ वहिनींनी घेतला. सकाळी चर्चमधल्या मिसाहून आल्या की डॉमनिकला आधी तक्ता उघडायला लावत. परग्रहावर कुणी आहे की नाही, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

*

मग पावसाळ्याच्या तोंडावर मेल्विनचा आकडा थांबला. कंपनीने वाळवंटातल्या कॅम्पवर पाठवलंय, तिथे फोन नाही, एवढा त्याचा निरोप गाववाल्याकडून आला होता. पण वहिनींचं जेवण सुटलं. रोज सकाळी तोच आकडा. डॉमनिक आमच्यासमोर विनोद करायचाही थांबला.

त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय होती. कुणाचाही ईमेल पत्ता टाकला की आपल्या मशीनचं काम त्याच्या नावावर जमा होई. मेल्विनचा पत्ता माझ्याकडे होता. मी तो टाकला आणि कुणालाही सांगितलं नाही.

आकडा हलला. वहिनी जेवू लागल्या. "वाढला, वाढला," म्हणून सगळ्या आळीला सांगत सुटल्या.

पण तो फारच भराभर वाढत होता. नाताळापर्यंत मेल्विन आम्हा सगळ्यांना मागे टाकून टीममध्ये पहिला आला. माझा आकडा जिथल्या तिथे होता, ते साहजिकच होतं. सावंतांचाही जिथल्या तिथे होता. मला वाटलं, पुन्हा माउस हलवत बसले असतील. कॅप्टन डॉमनिकचा का थांबला, ते काही कळेना.

नाताळात मेल्विन न कळवता घरी आला, काळवंडलेला पण ठणठणीत. सावंत आणि मी भुईगावला भेटायला गेलो. त्याने सहज तक्ता उघडला आणि बघतच राहिला. "डॅडी, मी पहिला? मी तर कॅम्पवर गेल्यापासून कॉम्प्युटर बघितलेला नाही."

डॉमनिकने सावंतांकडे बघितलं. सावंतांनी माझ्याकडे. मी केककडे.

वहिनी सुरी पुसत म्हणाल्या, "अख्ख्या वसईत दिवसभर लाइट नसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी याचा आकडा तिथंच. मस्कतची वायर काय वसईतून जाते?"

"अगं, मग रोज सकाळी वाढला, वाढला म्हणत होतीस, ते?" डॉमनिकने विचारलं.

"घरातले विनोद परत सुरू झाले ना," म्हणत वहिनींनी केक कापायला घेतला.