देवळातली पहिली माळ

शेजारच्या गास गावातल्या म्हाताऱ्या बायनं मला जवळ केलं नसतं तर मी आज कुठं असते, देव जाणे. म्हणून आधी तिचं सांगते. परभणीकडून नवऱ्याबरोबर नालासोपाऱ्यात आले, वर्षभरात तो मला टाकून गेला. शाळा सातवीतच सुटलेली. बायनं तिच्या मोगऱ्याच्या वाडीत कामाला घेतलं, केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळल्या सालीच्या, धाग्यात कळ्या गुंफायला शिकवलं. तिचे गुडघे गेले, तेव्हा देवळासमोरची तिची गजरे विकायला बसायची जागाही मलाच दिली.

बाय ख्रिस्ती. पण तिच्या सासूपासूनचा रिवाज होता: दिवसाची पहिली माळ देवळात द्यायची, तिचे पैसे घ्यायचे नाहीत, मग पहिल्या गिऱ्हाइकाची भवानी. पुजारीकाका माळ घ्यायला हात पुढे करायचे आणि रोज विचारायचे, "बाय बरी आहे ना?"

यंदा खासदारकीला जो कट्टर माणूस उभा राहिला, त्यानं देवळाच्या चौकात सभा घेतली. म्हणाला, नवऱ्याविना राहणाऱ्या बाईला कुणी खोली देऊ नये. म्हणाला, देवाला फूल आपल्याच धर्माच्या वाडीतलं हवं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी रोजची गिऱ्हाइकं होती.

मीही नवऱ्याविनाच राहत होते. भाड्याची खोली जाईल, जागा जाईल, ही भीती होतीच. तरी दुसऱ्या दिवसापासून गजरा हातात देताना प्रत्येकीला म्हणायचे, "ताई, याला मत देऊ नका. बायची माळ बंद करील तो."

"अगं, तो तुला कुठं म्हणतोय?" एक जुनी गिऱ्हाईक म्हणाली. "तू तर आपलीच."

"आणि बाय?"

"बाय चांगलीच आहे गं. पण एका बायसाठी मत फिरवतं का कुणी?"

शेजारचा नारळवाला हसला. "ए प्रचारवाली, तुझं मत कुठंय?"

"गावाकडं."

"मग तिकडं जाऊन सांग की."

खरंच होतं. इतकी वर्षं इथं खाल्लं, नाव मात्र तिकडच्या यादीत. तरी सांगत राहिले. बायच्या कानावर गेलं तशी ती म्हणाली, "गप बस पोरी. माझ्यापायी तुझं गिऱ्हाईक तुटेल."

तो निवडून आला.

निकालानंतरच्या सकाळी माळ घेऊन गेले. पुजारीकाकांनी हात पुढे केला नाही. समईची वात सारखी करत म्हणाले, "विश्वस्तांनी सांगितलंय, या वाडीतली फुलं नकोत." मी वळले तसं मागून हळूच आलं, "बाय बरी आहे ना?"

"हो," म्हटलं.

टोपलीत परत आलेली माळ बघूनच बाय समजली. मी म्हटलं, "तुझ्या घरातल्या क्रुसाला घाल."

"देवळासाठी काढलेली," ती म्हणाली. "त्या देवाची याला कशी घालू?" तिनं ती विहिरीच्या कठड्यावर ठेवली आणि उरलेल्या कळ्या निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशीही तिनं पहिली माळ बाजूला काढली. आजही काढली. विहिरीवरच ठेवते.

मी माझं नाव इकडच्या यादीत आणायला अर्ज दिलाय. पुढच्या खेपेला माझंही मत इथं असेल, आणि दारोदारही सांगत फिरेन. बाय, तुझी माळ एक दिवस मी त्या देवळात परत पोचवीन. तुझे गुडघे गेलेत, तर हाताला धरून तुलाही नेईन.