न दिसणारी सूज

अकरावीत असताना कितीतरी महिने माझी पाळीच आली नाही. मुरुम होतेच, त्यात हनुवटीवर राठ केस उगवू लागले. आई मला जानेफळहून खामगावला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाबांना सांगितलं, दात दुखतो.

तपासण्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "पीसीओएस आहे, म्हणजे हार्मोन्सचा बिघाड. बऱ्याच मुलींना असतो. यात शरीरात बारीकशी सूज राहते, ती वाढेल असं खाणं कमी करायचं." गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं.

माझं डोकं त्या सुजेवरच अडकलं. परतताना एसटीत मी घोटा दाबून पाहत होते.

"काय करून राह्यली?" आईनं विचारलं.

"सूज पाहून राह्यली."

"आतली हाय म्हणे ते."

"आत कुठं?"

पुढच्या खेपेला मी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "जखम झाली की शरीर तिथं धावून जातं, म्हणून सूज येते. तुझ्यात जखम नसतानाही ते थोडं थोडं धावतच असतं."

मला ते फार आवडलं. तोवर माझं खाणं म्हणजे सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी कॉलेजसमोरचा समोसा आणि थंडा. बाईंनी ते कमी करायला लावलं. रात्रीचं जेवण सोडू का, असं विचारलं तर रागावल्या. भाकर, डाळ, पालेभाजी, शेंगदाणे, जवस, सगळं पोटभर खा म्हणाल्या.

घरी ज्वारीची भाकर फक्त बाबांसाठी व्हायची. मी ती थापायला बसले. पहिली तव्यावर टाकतानाच मोडली. जवस भाजताना तडतड उडायचे. त्यांची चटणी मात्र जमली.

एकदा जेवताना बाबांनी विचारलंच, "भाकर काऊन खाऊन राह्यली वं तू?"

आईनं डोळे वटारले. मला मात्र दाताचं खोटं पुढं रेटवेना. "बाबा, माही पाळी येत नाई. त्याचा इलाज चालू हाय."

बाबांचा घास हातातच राहिला. मग ते खाली बघतच म्हणाले, "मंग भाकरीनं येते का?"

"एकट्या भाकरीनं नाई."

"मंग कशानं?"

मी सुजेचं सगळं सांगितलं. ते ऐकत गेले, मध्येमध्ये विचारत गेले. शेवटी म्हणाले, "गुळाचं कसं? चहात चालते का?"

मला माहीत नव्हतं. "विचारून ये," ते म्हणाले. गूळही साखरेच्याच घरातला, हे बाईंचं उत्तर आणलं तेव्हा गुळाचा चहा पिणारे बाबा जरा खट्टू झाले.

उन्हाळ्यात पाळी आली. नंतर कधी वेळेवर, कधी उशिरा, पण येत राहिली. हनुवटीवरचे केस गेले नाहीत. ते मी पार्लरमध्ये काढून घेते. नेमका कशानं फरक पडला, हे मी बाईंना विचारलं होतं. गोळ्या, चालणं की जेवण? "सगळ्यांनी मिळून," त्या म्हणाल्या, "वेगवेगळं काढून नाही सांगता येत."

मला ते अजूनही वेगवेगळं काढून पाहावंसं वाटतं.