खडूचा आडोसा

भूकंपानंतर लातुरात स्लॅबखाली बसायला कुणी धजत नव्हतं, म्हणून मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचो तो क्लास पत्र्याच्या शेडात भरे. तिथला खडू माझा मोठा आधार होता. मला सोरायसिस. कोपरांवरून पांढरे पापुद्रे गळायचे, पण फळ्यापाशी उभ्या मास्तराच्या अंगावर पांढरं असायचंच.

मग भीती ओसरली, तशी क्लासच्या मालकांनी पक्की खोली घेतली आणि मार्करचे बोर्ड आणले. बाकीचे सर खूश, माझं धाबं दणाणलं. हा रोग लागत नाही, पण हे पालकांना कोण सांगणार? पोरं समोरच्या क्लासला गेली की माझी नोकरी गेली.

लातुरात कुणीतरी बघेल म्हणून नांदेडच्या डॉक्टरबाई गाठल्या. त्यांनी कडक स्टिरॉइडचं मलम दिलं: बोटाच्या पेराएवढं, दिवसातून एकदा, मग सांगतील तसं हळूहळू कमी. मी पडलो भौतिकशास्त्राचा माणूस. तिप्पट लावलं तर तिप्पट लवकर बरं होईल, असं गणित मांडलं. आठवड्यात कोपरं गुळगुळीत झाली. मी ऐटीत मलम बंद केलं, आणि सोरायसिस दुप्पट जोमाने परतला. डॉक्टरबाईंनी मला नापास पोरासारखं झापलं.

आता मलम नीट लावायचं, पण तोवर काय? मी खिशात खडू नेऊ लागलो. मार्करच्या बोर्डापुढे खडूने हवेत किरणांच्या दिशा दाखवायच्या आणि मधूनच बाह्या झटकायच्या. एवढा मूर्खपणा मी अगदी गंभीर चेहऱ्याने करत होतो.

एकदा तास संपल्यावर पहिल्या बाकावरची औशाची मुलगी थांबली. तिच्या वडलांनाही हाच त्रास होता, तिला मलमाचं नाव हवं होतं. कसलं मलम, म्हणून मी साळसूदपणे विचारलं.

"सर, आमाला शेडातच कळलं होतं," ती म्हणाली. "खडू काय कोपरातून गळत न्हाई."

किती जणांना कळलं, हे मी बाह्या खाली ओढत विचारलं.

"समद्या वर्गाला."

मी मलमाचं नाव न देता डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून दिला, खाली 'सांगतील तेवढंच लावा' असं दोनदा लिहिलं. ती गेल्यावर पाहिलं, तर माझ्या कोपरांचे पापुद्रे जिथे पडत त्या पहिल्या बाकावर उद्याची जागा धरायला पोरांनी चार वह्या आत्ताच ठेवल्या होत्या.